बाईची झोप

राजेगाव, २९ ऑगस्ट १९८६

नंदकिशोर,

थोरल्याने पत्राच्या वरती आशीर्वाद लिहावा, असे बाबांनी शिकवले होते. तो लिहिला असे समज.

माणिकची तेरवी आटोपून मी आणि विमला बालाघाटहून परत आलो. रोवणी उरकली आहे, शेतात फारसे काम नाही, त्यामुळे डोके रिकामे आहे आणि त्यात एकच गोष्ट फिरते. सकाळी माळ घेऊन बसतो. नाम सुरू होते आणि मध्येच तुझे नाव येते. देवासमोर बसून भावाचा राग करणे बरे नाही, म्हणून तो कागदावर उतरवतो आहे.

बाईचा, आपल्या बहिणीचा, एकुलता एक पोरगा माणिक गेला. तुझ्या कालव्याच्या गेटावर पाय घसरला, असे तू सांगितलेस आणि आम्ही ऐकून घेतले. मरण कुणाच्या हातात नसते. पण त्यानंतर जे झाले ते तुझ्या हातात होते.

तुझ्या क्वार्टरच्या अंगणात तिरडी बांधून झाली होती. मी आत डोकावलो तर बाई खाटेवर झोपलेली. तोंड अर्धे उघडे, एक हात खाली लोंबत. विमला तिला हलवत होती. मला म्हणाली, "अवो, बाई उठूनच नाही राह्यली. डोळे उघडते अन् मिटते." मी बाहेर येऊन तुला म्हटले, "नंदू, तिले उठव. पोराचं तोंड तरी पाहू दे." तू माझा हात धरून बाजूला नेलेस. "दादा, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय. तिला सहन होणार नाही." शेजारचे ओव्हरसियर प्रेमलालजी पण मधे पडले, "काकाजी, माताजी को आराम करने दीजिए." एवढ्या लोकांत तमाशा नको म्हणून मी गप्प बसलो. तिरडी उठली. माणिक आईला न भेटता गेला.

तेरवीलाही तेच. राजेगावच्या बाया तिला भेटायला एवढ्या लांब आल्या. गळ्यात पडल्या तर बाईचे हात वर होईनात. अनुसयाकाकू परत येताना बसमध्ये म्हणाली, "बाईले भेटाले गेलतो बापा, पण बाई तर तिथं नव्हतीच."

तू शहरात राहिलास, तरी आपल्याकडे बाईमाणूस कसे रडते ते विसरला नसशील. ती नुसती रडत नाही, बोलते. पोर कसे झाले, काय खायचे, कशासाठी हट्ट करायचे, कोणी त्याला जीव लावला, कोणी दुखावले, सगळे हेल काढून सांगते. बाकीच्या बाया तिला धरून बसतात. तिला कोणी थांबवत नाही. रडण्यात ज्याचे नाव निघेल त्याने मान खाली घालून ऐकायचे, ही आपली रीत. आई गेली तेव्हा याच बाईने रडता रडता बाबांना सगळ्या गावासमोर सुनावले होते, की दवाखान्यात न्यायला उशीर केला. बाबांसारखा तापट माणूस ओसरीच्या खांबाला टेकून खाली पाहत बसला. दुसऱ्या दिवशी त्याच बाईने त्यांना भाकर वाढली आणि त्यांनी खाल्ली.

आता बाईला राजेगावला पाठव. तिला माणसांत बसून रडू दे. गोळ्या देऊ नकोस.

भोजराज


राजेगाव, १७ सप्टेंबर १९८६

नंदकिशोर,

तुझे पत्र मिळाले. तू लिहितोस, "दादा, बाई आता सेटल झाली आहे, तिला उगाच हलवू नका, तुम्हाला या गोष्टी कळणार नाहीत." मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्रावर पत्र न लिहिता स्वतः येऊन पाहून गेलो. तू ऑफिसात होतास. बाईला घेऊन गेलो हे तुला तुझ्या मीनाक्षीने सांगितलेच असेल. का नेले ते मी सांगतो.

मी आलो तेव्हा बाई भिंतीला टेकून बसली होती. स्वच्छ लुगडे, केस विंचरलेले. मीनाक्षी तिची काळजी घेत नाही असे मी म्हणणार नाही. बाईने मला पाहिले. जरा वेळाने ओळखले.

"भोजा, जेवला का?"

"हौ बाई. जेवून निंगालो."

"माणिक आला नाही अजून. डबा तसाच ठेवून गेला पोट्टा."

मी स्वयंपाकघरात गेलो. मीनाक्षी दुधापाशी उभी होती. तिला विचारले, "इले काहीच ठाऊक नाही?"

"भाऊजी, सांगितलं होतं. पण लक्षात राहत नाही. पुन्हा सांगितलं की पुन्हा तेच होणार. विसरली आहे तर बरंच आहे ना? आता किती शांत असतात. पहिल्या दिवशी काय आकांत केला! सगळी कॉलनी फाटकाशी. काहीबाही बोलत होत्या, ऐकवत नव्हतं."

"काय बोलत होती?"

"शोकात माणूस काय बोलतं, त्याला काही अर्थ असतो का, भाऊजी?" असे म्हणून ती पाठ करून उतू न जाणारे दूध ढवळत राहिली.

मी बाईची पिशवी भरली. मीनाक्षी म्हणाली, "ह्यांना विचारल्याशिवाय कसं नेता?" मी म्हटले, "त्यानं तिले झोपवताना मले विचारलं नव्हतं."

बसमध्ये काय झाले ते ऐक. बाई धड बसत नव्हती, डोके माझ्या खांद्यावरून घसरत होते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काकाजी, माताजी को सबेरे सबेरे महुआ पिला दिए क्या?" मागची माणसे हसली. आणि नंदू, बाईपण हसली. कशाला हसतात ते न कळता, सगळे हसले म्हणून हसली. ज्या बाईने जिभेच्या धारेवर सासरचे सारे घर नीट ठेवले, ती. कंडक्टरला मी काही बोललो नाही. त्याला काय ठाऊक? राग तुझाच आला, तो राजेगाव येईस्तोवर उतरला नाही, आणि अजून उतरलेला नाही.

तुझ्या घरी मी कितीतरी शब्द ऐकले. डॉक्टर शामक म्हणाला. मीनाक्षी शांत म्हणते. प्रेमलालजी आराम म्हणतात. शेजारीण म्हणाली, "बेचारी सुन्न पड़ गई." तू सेटल म्हणतोस. यात त्या शेजारणीचाच शब्द मला खरा वाटला, बाकी सगळे चादरी आहेत, खालचे झाकायच्या.

आपल्याकडेही असे शब्द आहेत. रोवणीत दिवसभर चिखलात उभे राहिले की पायाची लाकडे होतात. हात अंगाखाली दबला की म्हणतो, हात मेला. मांडी घालून पोथी ऐकायला बसले की पाय बहिरा होतो. पण हे सगळे परत येणारे आहे. मुंग्या येतात, कळ येते, माणूस ओरडतो, आणि मग पाय पुन्हा आपला होतो. कळ येऊच नये म्हणून कोणी दबलेल्या हातावर जन्मभर झोपून राहत नाही. तू बाईला तसेच ठेवले आहेस. तिच्यावर निजून आहेस.

मी तिला जागे करणार आहे.

भोजराज


राजेगाव, १२ ऑक्टोबर १९८६

नंदकिशोर,

तुझा माणूस येऊन गोळ्यांची नवी चिठ्ठी देऊन गेला. ती मी देवळीत ठेवली आहे. फाडली नाही, वापरणारही नाही.

मी अडाण्यासारखे काही केले असेल अशी तुला भीती वाटते, असे त्या माणसाने सांगितले. बाईला मी गोंदियाच्या डॉक्टरकडे नेले. म्हातारा माणूस आहे, मराठी बोलतो. त्याने गोळ्यांचे नाव वाचले, मग बाईच्या पापण्या वर करून पाहिल्या. म्हणाला, "एकदम बंद कराल तर फिट येईल. थोडी थोडी कमी करा. तिला त्रास होईल, तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त होईल." पोराचे मी सांगितले तेव्हा त्याने चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "ही रडली का?" मी म्हटले, नाही. त्याने फी घेतली नाही.

त्याने सांगितले तसेच झाले. बाईचे हात कापायला लागले. चिडायला लागली. विमलाच्या हातातला पेला उडवला. विमलाला म्हणाली, "तुले काय समजते वो, खरकट्या भांड्यावानी माह्याकडे पाहून राह्यली!" विमला रडायच्या जागी हसली. मला म्हणाली, "आली वो बाप्पा, आपली बाई थोडी थोडी येऊन राह्यली." मधे एकदा चुलीशी बसून भाकर उलटताना बाईची बोटे तव्याला टेकली आणि ती नुसती पाहत राहिली. विमलाने हात ओढला. बोटे भाजल्यावर पुष्कळ वेळाने बाई म्हणाली, "जळून राह्यलं वो." नंदू, इतका उशीर. चुलीवरून हात काढायला माणसाला इतका उशीर कधी लागतो?

मग ती एक दिवस उन्हात बसली होती. मी तुळशीला पाणी घालत होतो. तिने हाक मारली. आवाज तिचा होता, जुना.

"भोजा, मले खरं सांग. माणिक कुठी हाय?"

मी तांब्या खाली ठेवला. तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितले. पाण्यात गेला. आपण त्याला वैनगंगेच्या काठी नेले. सगळे सांगितले.

ती रडली नाही. विचारायला लागली.

"खांदा कोणं देल्ला?"

"मी, नंदू, त्याच्या ऑफिसचे लोक."

"अंगावर काय घातलं होतं?"

"पांढरा सदरा. नवा होता."

"अन् मी कुठी होती?"

"तू झोपली होती बाई."

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी ते मरेपर्यंत विसरणार नाही. "अन् तुमी मले उठवलं नाही? माह्या लेकराले घेऊन गेले अन् मले उठवलं नाही?"

मग तो हेल निघाला. कुठून निघाला ठाऊक नाही. गल्लीतल्या बाया हातातले काम टाकून आल्या. अनुसयाकाकू धुण्याच्या ओल्या हातांनी तिला धरून बसली. बाई सांगत राहिली, स्वतःचेच नाव घेऊन, सत्यभामेचा माणिक सातव्या महिन्यात जन्मला आणि कापसात ठेवला, शेजारणीच्या शेळीचे दूध पिऊन वाढला, बापाच्या मागे कधी नवा सदरा मागितला नाही, पहिल्या पगारात आईला चपला आणल्या त्या मोठ्या झाल्या. आणि नंदू, तुझे नाव पण निघाले.

"माह्या नंदूनं पोराले कामावर लावलं वो, मामानं हात धरला वो, मामाचे उपकार मी कसे फेडू वो..."

बाया मान हलवत होत्या. मीपण ऐकत होतो, आणि त्या दिवशी, खरे सांगतो, माझा तुझ्यावरचा राग थोडा सैल झाला. ज्याचे उपकार ती अशा वेळी आठवते त्याने तिला झोपवले ते बिचाऱ्याला बघवेना म्हणून असेल, असे मी मनाशी म्हटले.

आता ती रोज थोडी रडते आणि मग कामाला लागते. डोळे ताजे दिसतात. भाऊबीजेला तुझी वाट पाहणार आहे. "यंदा सुतकाचं साल हाय, ओवाळत नाही, पण माहा नंदू माह्या हातचं जेवून तर जाईल," म्हणते. तू लहान असताना तिने तुला कडेवर घेऊन नदीपलीकडच्या शाळेत सोडले. तू ये.

भोजराज


राजेगाव, २६ ऑक्टोबर १९८६

मागच्या पत्रात मी जे सैल झाल्याचे लिहिले ते खोडून टाक.

काल दुलीचंद आला होता. तुझ्या कालव्यावरचा मजूर. शेजारच्या गावचा आहे, तुला ठाऊक आहेच. आता तिथले काम सोडले म्हणाला. बाई आणि विमला नदीवर गेल्या होत्या. मी त्याला ओसरीवर बसवले. तो बराच वेळ माणिकचे गुण सांगत होता. मग म्हणाला, "काकाजी, बाई अब कैसी हैं?"

"अब जाग गई है. रोती है, काम करती है."

"तो उनको सब याद है?"

"क्या याद है?"

तो चप्पल घालायला उठला. मी त्याचा हात धरला आणि म्हटले, "बैठो. हमारे घर से कोई आधी बात करके नहीं जाता."

त्याने सांगितले. तू तिथे होतास, तुला वाचायची गरज नाही, तरी वाच. मोठ्या साहेबांचा दौरा होता. गेटात बांबू आणि कचरा अडकला होता, पाणी पुढे जात नव्हते. दुलीचंद म्हणाला, रस्सी लाते हैं, साहब. तू म्हणालास, टाइम नहीं है. मग तू माणिककडे वळलास. दुलीचंदचे शब्द तसेच लिहितो. "साहब बोले, माणिक, तू उतर. बाकी लोग नखरा करते हैं, तू तो घर का है. लड़का बोला, मामा, धार लय हाय. साहब हँसे. बोले, आईच्या पदराखालून निघ आता."

आईच्या पदराखालून निघ आता.

मी विचारले, "तुमने तब क्यों नहीं बताया?"

"किसको बताता, काकाजी? रोजी साहब के हाथ में थी." मग तो खाली पाहून म्हणाला, "पर बाई को बताया था. उसी दिन, लाश आई तब. आँगन में मेरा हाथ पकड़ के पूछी, कैसे गया, सच बोल. मुझसे झूठ नहीं बोला गया. फिर वो साहब के सामने जा के बैठ गई और जो रोई, बाप रे. नाम ले ले के रोई. नंदू, तूनं उतरवलं, नंदू, तूनं उतरवलं. पूरी कॉलनी सुन रही थी. तब साहब ने डॉक्टर को बुलाया."

तेवढ्यात बाया नदीवरून आल्या. बाईने डोक्यावरचे धुणे उतरवले आणि दुलीचंदकडे पाहून म्हणाली, "कोणाचा गा तू? माणिकचा दोस्त? बस, चहा ठेवतो." तिने त्याला ओळखले नाही. ज्याचा हात धरून तिने खरे काढून घेतले तोच माणूस. त्याने चहा कसाबसा प्यायला आणि गेला.

आता मला मीनाक्षीचे ते काहीबाही कळले. न उतू जाणारे दूध कळले.

मी समजत होतो तू तिचे दुःख झोपवलेस. तू तिचे तोंड झोपवलेस. ती तुझ्यासमोर बसून बोलत होती, रीतीप्रमाणे, आणि तुला एवढेच करायचे होते, की मान खाली घालून ऐकायचे. बाबांनी ऐकले होते. तू इंजेक्शन मागवलेस. आणि सुई टोचल्यावर तिला त्या दिवसाचे काही आठवत नाही हे तुझ्या लक्षात आले, तेव्हा गोळ्या चालू ठेवल्यास. पोराला पाण्यात उतरवले ती चूक असेल, घाई असेल, साहेबाचा धाक असेल. देव तिचा न्याय करील, मी करत नाही. पण दुसरे काम तू रोज सकाळी उठून केलेस, पाण्याच्या पेल्यासोबत.

आणि ती तुझे उपकार मानून रडते. रोज. ते मी आता ऐकू शकत नाही, उठून गोठ्यात जातो.

मी तिला अजून सांगितलेले नाही. राग आहे म्हणून सांगून टाकावे असे दहादा वाटले. पण हे माझ्या तोंडचे नाही, तुझ्या तोंडचे आहे. भाऊबीजेला ये. जेवायच्या आधी सांग. ती रडेल, तुझे नाव घेईल, शिव्याही देईल. तू बसून ऐक. मग ती तुला वाढेल. मी तिला ओळखतो, ती वाढेल.

भोजराज


राजेगाव, ६ नोव्हेंबर १९८६

नंदकिशोर,

परवा तू येऊन गेलास.

तू बसमधून उतरलास तेव्हा मला बरे वाटले होते. हातात साडीचे पुडके होते, मिठाईचा डबा होता. चेहरा उतरलेला होता, म्हणून मला वाटले की आला, सांगायला आला. बाईने तुझ्या गालावरून दोन्ही हात फिरवले. "किती वाळला रे नंदू. मीनाक्षी जेवाले घालते का नाही?" तू खाली पाहिलेस. मी ओसरीवर थांबलो, विमलाला पण बाहेर बोलावून घेतले, तुम्ही दोघे आत राहावे म्हणून.

आतून मला फक्त ताट-वाटीचा आवाज आला. "अजून घे. वडे तुह्यासाठी केले." "बस, बाई." "बस काय, लहानपणी चोरून खाये." मग ती हसली. तू पण हसलास, ऐकले मी.

हात धुऊन बाहेर आलास आणि विमलाच्या हातात हळूच गोळ्यांची पट्टी ठेवलीस. "वहिनी, असू द्या. कधी लागलं तर." माझ्याकडे न पाहता बस पकडायला गेलास. विमला भोळी आहे, तिनेही ती पट्टी उकिरड्यावर टाकली. मला म्हणाली, "अवो, ह्या माणसाले अजून भेव वाटते का तिचं?"

तू सांगणार नाहीस हे कळल्यावर माझ्याजवळ दुसरे काही उरले नाही. आज सकाळी बाई अंगणात तांदूळ निवडत होती. मी सुपाच्या पलीकडे बसलो आणि दुलीचंदने सांगितले ते सांगितले. तुझे शब्द वगळले नाहीत. इंजेक्शनचेही सांगितले.

तिचा हात सुपात थांबला. मला वाटले ओरडेल. ती अगदी हळू बोलली.

"दोर कुठी होता?"

"स्टोरमधी. रस्त्याच्या पलीकडे, दुलीचंद म्हणे."

"येवढाच दूर?"

"हौ."

तिने सूप बाजूला केले. "परवा तो जेवला. मी ताटात वाढत होती अन् तो खात होता. मी त्याले अजून वाढलं, भोजा."

ती उठली, घरात गेली, लुगडे बदलून आली. केस बांधले. "उद्याची पहिली मोटर कितीले हाय?"

"कुठी जाते?"

"नंदूच्या दारी."

मी म्हटले, "बाई, त्याले इथं बोलावतो. तू काहून जाते?"

"बोलावलं होतं ना? आला ना? वडे खाऊन गेला." मग म्हणाली, "मी त्याच्यासमोर बसली होती. माहं अर्धं राह्यलं. मले उचलून नेलं. आता जिथं राह्यलं तिथूनच बोलीन."

मी तिला विचारले, की पोलिसात जायचे का, तुझ्या मोठ्या साहेबाकडे जायचे का, दुलीचंद साक्ष देईल. ती म्हणाली, "मले काही नाही पाह्यजे कोणाचं. त्यानं बसून आयकावं."

त्यानंतर मी देवापुढे बसलो. माझा राग पुरा गेला असे नाही, पण माळ सरळ फिरली. तिची बाजू मी घेतली यात मला देवाची आडकाठी दिसली नाही.

दुलीचंद आज बालाघाटला जातो आहे, त्याच्या हातून हे पत्र पाठवतो. ऑफिसात न जाता घरी राहा. उद्या सकाळच्या बसने आम्ही येतो आहोत. बाई, मी, विमला, अनुसयाकाकू, आणि गल्लीतल्या आणखी बाया तयार झाल्या आहेत, किती ते बसमध्ये बसल्यावर कळेल. कोणी शिवीगाळ करणार नाही. दगड उचलणार नाही. बाई तुझ्या अंगणात बसेल आणि बाया तिला धरून बसतील. तू समोर बस. मीनाक्षीला बसव. पोरांना पण बसव, त्यांनी ऐकावे.

डॉक्टरला बोलावू नकोस. फाटकाशी मी बसलेला असेन, मी कोणाला आत सोडणार नाही.

प्रेमलालजींना आणि बाकीच्या शेजाऱ्यांना आजच सांगून ठेव. आमच्या बाईचा आवाज मोठा आहे, आणि तिला पुष्कळ बोलायचे आहे.

तुझा थोरला भाऊ,
भोजराज